ओल्या मातीत कोणतं अवजार? पलूस तालुक्यातल्या एका शाळेच्या परसबागेचं प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग. वर्गात तीसेक मुलं. निम्म्यांच्या घरी ऊस किंवा द्राक्षबाग, बाकीच्यांचे आईवडील दुसऱ्याच्या रानात रोजगाराला जाणारे. शाळेच्या मागं काळ्या मातीचा एक तुकडा पडून होता. तिथं परसबाग करायची आणि त्या निमित्तानं मुलांना बागेची अवजारं आणि साहित्य यांची ओळख करून द्यायची, असं वर्गाच्या बाईंनी जूनमध्ये ठरवलं. पोषण आहाराला ताजी भाजी मिळावी म्हणून शाळांनी परसबाग करावी असं शासन सांगतंच. पण बाईंचं समाधान तेवढ्यावर होणार नव्हतं. मुलांच्या हाताला काम कळलं पाहिजे, असं त्या पहिल्यापासून म्हणत होत्या.

माझी तालुक्यात रोपवाटिका आहे. शाळांना रोपं देता देता त्यांच्या बागांकडंही लक्ष राहतं, त्यामुळं हे प्रकरण मी पहिल्या पावसापासून जवळून पाहिलं. ते सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की बहुतेक शाळांत हा विषय चित्रांच्या तक्त्यावर सुरू होतो आणि तक्त्यावरच संपतो. अवजार हे तिथल्या मातीपासून आणि ते रोज हातात धरणाऱ्या माणसापासून तोडून शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. या वर्गात ते मत पुरतं तपासून निघालं.

जुलैतला पहिला तास

तक्ता बाईंनी केला होता आणि चांगला केला होता. खुरपं, विळा, कुदळ, टिकाव, फावडं, घमेलं, दाताळं, झारी. मुलांना सगळी नावं आधीपासून येत होती. टिकावाला एका बाजूला टोक असतं आणि दुसऱ्या बाजूला पातं, हे एका मुलानं न विचारताच सांगितलं. शिवाय शाळेनं लहान मुलांसाठी मिळणारा बागकामाचा रंगीत संच मागवला होता. प्लास्टिकच्या मुठीचं छोटं खोरं, पंजा, दाताळं आणि झारी.

तीन दिवस पाऊस झाला, चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि अख्खा वर्ग मागच्या तुकड्यात उतरला. पुढच्या अर्ध्या तासात काय होणार हे कृष्णाकाठच्या कुठल्याही शेतकऱ्यानं आधीच सांगितलं असतं. खोरं मातीत गेलं ते चिकटूनच बसलं, ओढताना त्याची मान वाकली. दाताळ्याचे दात चिखलाच्या गोळ्यामागं दिसेनासे झाले. घरून आणलेली कुदळ एका मुलानं घातली, ती चार किलोचा लपका घेऊन वर आली. चपला रुतल्या. आणि तीस मुलांच्या पायांखाली तो तुकडा अंगणासारखा चोपून निघाला. आठवडाभर पावसानं उघडीप दिली, तशी पाय पडलेल्या जागी दगडासारखी ढेकळं झाली. आता त्यात कुणाचंच काही शिरेना.

मुलांनी यातून काढलेला निष्कर्ष बाईंना जास्त लागला. "आपल्या शाळंची माती चांगली न्हाई." ज्या मातीवर ऊस, हळद आणि द्राक्षं उभी आहेत, ज्या मातीच्या जिवावर हा तालुका खाऊनपिऊन सुखी आहे, तिच्याबद्दल तिथलीच मुलं असं बोलत होती.

माती चांगलीच होती, दिवस चुकला होता. काळ्या मातीत चिकणमातीचा वाटा बहुतेक ठिकाणी 40 टक्क्यांच्या वर असतो. तिचे कण अतिशय बारीक, पाणी धरून फुगणारे आणि वाळताना आकसणारे. म्हणून उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात पाय रुततो. या दोन टोकांच्या मधे काही दिवस असे येतात, की माती ओली असते पण चिकटत नाही, मोडली की भुसभुशीत होते. त्यालाच वापसा म्हणतात. काळ्या रानातलं सगळं हातकाम त्या दिवसांत उरकायचं असतं. संचाच्या खोक्यावरच्या सूचनांत ही गोष्ट असणं शक्यच नव्हतं. त्या सूचना बहुधा कुंडीतल्या भुसभुशीत मिश्रणासाठी लिहिलेल्या होत्या.

शाळेच्या फाटकावर

दुसरी अडचण मातीची नव्हती. घरी खुरपं हातात घेतलंय असं कोण कोण, असं बाईंनी विचारलं तेव्हा सातआठ हात वर आले. सगळे मुलींचे, आणि त्यातल्या बहुतेक रोजगारी घरांतल्या. मुलगे म्हणाले, ते बायकांचं काम. बागायतदारांच्या मुलांना ठिबकच्या कोणत्या नळीला कोणता कॉक लागतो हे पाठ होतं, ट्रॅक्टरच्या कंपन्या ओळखता येत होत्या, पण भांगलण, म्हणजे खुरप्यानं तण काढणं, त्यांच्या घरी बाहेरून आलेल्या बायका करत होत्या. म्हणजे शेतकऱ्यांच्या गावातही अवजारांच्या वाटण्या आधीच झालेल्या होत्या. कुदळ बाप्याची, खुरपं बाईचं, आणि शाळेत जाणाऱ्याच्या हातात दोन्ही नकोत.

संच मोडल्यावर बाईंनी घरून एकेक खुरपं आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई कामाला जाता जाता फाटकाशी थांबली. डोक्यावर भाकरीचं गठुळं, हातात खुरपं.

"बाई, आमी दिसभर वाकून भांगलतोय ते पोरीला भांगलाय लागू नये म्हणून. तुमी शाळंतच तिच्या हातात खुरपं द्याय लागल्यावर आमी काय करायचं?"

हा आक्षेप अडाणीपणाचा म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या बाईच्या हातातलं खुरपं म्हणजे तिचा रोजगार होता, दुखणारे गुडघे होते, दुसऱ्याच्या बांधावरून ऐकून घेतलेलं बोलणं होतं. 'परसबागेतून आनंददायी शिक्षण' हे शब्द तिच्यापुढं उच्चारायला तोंड धजावणार नाही.

पालकसभेत हा विषय निघाला तेव्हा गावातल्या एका वयस्कर आबांनी रयत शिक्षण संस्थेचा दाखला दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले इथं संस्था सुरू केली. त्यांचं मूळ घराणं शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. रयतच्या वसतिगृहांतली पोरं कुदळ मारून, रान कसून शिकली आणि मोठी झाली, असं आबा कळकळीनं सांगत होते. त्या मुलीच्या आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबा, तवा शिकाय पैसं न्हवतं म्हणून कुदळ धरली त्यास्नी. आता माजी पोरगी फी न भरता शिकतीया. तिनं कशाला धरायची?" सभेत याला कुणाकडं उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते तिचा मुद्दा बिनतोड होता. रयतची 'कमवा आणि शिका' ही गरजेतून उभी राहिलेली वाट होती. ज्याला ती गरज नाही त्याला अवजार का शिकवायचं, याचं उत्तर वेगळं द्यावं लागतं.

बाईंनी वाद घातला नाही. त्या सांगली शहरात वाढलेल्या. त्यांनी सरळ सांगितलं, "मला खुरपं धरता येत नाही. मुलांना मी चुकीचं शिकवीन आणि कुणाचं तरी बोट कापेल. तुम्ही एक दिवस येऊन दाखवाल का?" शाळा व्यवस्थापन समितीनं त्या दिवसाचा तिचा अर्धा रोज द्यायचं ठरवलं. हे महत्त्वाचं होतं, कारण तिला फुकट बोलावणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. विचार करून चार दिवसांनी ती हो म्हणाली.

रोज सकाळी एक गोळा

ती येण्याआधी माती तयार हवी होती. ऑगस्टपासून परिपाठानंतर दोन मुलं मागच्या तुकड्यात जायची, वितीभर खालची मूठभर माती काढायची आणि हातात दाबून गोळा करायची. मग तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. तो चपटा होऊन पडला आणि हाताला चिखल लागला तर माती अजून ओली. गोळा झालाच नाही, खडे हातात राहिले, तर कोरडी. गोळा झाला पण पडल्यावर फुटून मोकळा झाला, तर वापसा. वर्गातल्या कॅलेंडरवर तीनपैकी एक खूण व्हायची. मातीला हात लावण्यापलीकडं यात काही नव्हतं, आणि मुलं त्यात पार गुंतली. भिंतीच्या कडेला वापसा उशिरा येतो, मधोमध आधी येतो, हे त्यांनी स्वतः शोधलं. आधीच्या चोपून गेलेल्या भागात तर तो येतच नाही, एकदम चिखलातून ढेकूळ होतं, हेही त्यांनीच दाखवलं. ओल्या मातीत का जायचं नाही हे त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

याच काळात बाटलीचा प्रयोग झाला. काचेच्या उभ्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर, जोरात हलवून ठेवून द्यायची. एक बाटली शाळेच्या मातीची, एक नदीकाठच्या पोयट्याची म्हणजे गाळाच्या मातीची, आणि एक जतला मामाकडं गेलेल्या मुलीनं आणलेल्या मुरमाड मातीची. जतच्या बाटलीत मिनिटभरात बहुतेक सगळं खाली बसलं. पोयट्याला दुपार गेली. शाळेच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. वाळू लगेच बसते, चिकणमाती तरंगत राहते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर कुठल्या मातीला कुठलं अवजार हा प्रश्न मुलांनीच काढला.

खुरपं टोचायचं नसतं

सप्टेंबरच्या उघडिपीत वापसा आला त्या दिवशी ती आई आली. फळ्यावर शिक्षकाच्या नावाच्या जागी बाईंनी तिचं नाव लिहिलं होतं. ते वाचून ती काही बोलली नाही, पदर खोचून खाली बसली आणि शिकवायला लागली.

तिनं काय दाखवलं ते नीट सांगतो, कारण मी कृषीची पदविका घेतली तेव्हा हे कुणी शिकवलं नव्हतं. डाव्या हातानं तणाचा झुपका धरायचा, ओढायचा नाही, नुसता ताठ धरायचा. उजव्या हातातलं खुरपं जवळजवळ आडवं ठेवून पातं बोटाच्या एका पेराइतकं मातीखाली सरकवायचं आणि अंगाकडं आणायचं. मूळ कापल्याचा बारीक करकर आवाज येतो. तो आला की डावा हात आपोआप सैल होतो, तण हातात येतं, ते झटकून मुळ्या वर करून मागं टाकायचं, म्हणजे उन्हात सुकतं, पुन्हा धरत नाही. मुलं खुरपं सुरीसारखं उभं भोसकत होती. ती म्हणाली, "टोचायचं न्हाई, सरकवायचं. टोचलंस तर टोक बोथट हुतंय, खडा लागून उडतंय, आन् तण तितंच ऱ्हातंय." मग एकेकाच्या मागं बसून तिनं त्यांची मनगटं धरून कोन दाखवला.

सुरक्षिततेचे सगळे नियम तिच्याकडूनच आले. बसल्यावर हात लांब केला की शेजारच्याला लागता कामा नये, एवढं अंतर. खुरपं देताना मूठ पुढं. खाली ठेवताना पातं मातीकडं, आणि ठेवायचं ते आपल्या पुढ्यात, मागं कधीच नाही, कारण मागं सरकताना आपणच त्यावर बसतो. बाईंनी यात दोन गोष्टी जोडल्या: चप्पल नको, बूट हवेत. आणि लागलं तर लपवायचं नाही, साबणानं वाहत्या पाण्याखाली धुऊन सांगायचं. धनुर्वाताचा धोका मातीतल्या जखमेला असतो. सरकारी लसीकरणात 10 व्या आणि 16 व्या वर्षी टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस असते, तेव्हा चौथी-पाचवीच्या मुलांची नोंद तपासून घेणं हे बागेच्या तयारीतच धरायला हवं.

वर्गात एक मुलगा होता, त्याला काही केल्या जमेना. पातं वरच्यावर घसरायचं, मूठ फिरायची. वर्गानं त्याच्यावर शिक्काच मारला होता, "ह्याला जमत न्हाई." ती आई त्याच्यासमोर जाऊन बसली, दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो डावरा हाय. ह्या खुरप्याचं तोंड त्याच्या हाताचं न्हाई." आमच्याकडच्या खुरप्याचं पातं मुठीपासून एका बाजूला वळलेलं असतं आणि धार उजव्या हाताच्या हिशेबानं काढलेली असते. डाव्या हातात धरलं की तेच पातं मातीकडं पाठ करतं. तो मुलगा जूनपासून बाईंच्या समोर डाव्या हातानं लिहीत होता, पण अवजारालाही बाजू असते हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते ध्यानात यायला रोज खुरपं धरणारा हातच लागला.

मग वर्ग लोहाराकडं गेला. गाडीच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल करून त्यानं पातं उलट्या बाजूला वळवलं, धार दुसऱ्या अंगाला काढली आणि पाण्यात बुडवलं. पाणी दिल्याशिवाय धार टिकत नाही आणि जास्त कडक झालं की पातं दगडावर तुटतं, हे त्यानं एक फुटकं पातं दाखवून समजावलं. झिजलेली खुरपी शेवटून, म्हणजे पुन्हा तापवून ठोकून, घ्यायची असतात, टाकून द्यायची नसतात, हेही मुलांना तिथं कळलं. मुठीचं माप त्यानंच घेतलं. मूठ धरल्यावर अंगठा मधल्या बोटाच्या नखावर यायला हवा, मोठ्या माणसाच्या मुठीवर दहा वर्षांच्या मुलाचा अंगठा तिथं पोचत नाही. डावरं खुरपं हातात आल्यावर त्या मुलाची ओळ इतरांच्या बरोबरीनं पुढं सरकायला लागली.

बाकी अवजारांना एवढा वेळ लागला नाही. मोठ्यांची कुदळ दांड्यासकट दोन किलोंच्या आसपास, ती चौथीच्या मुलांना द्यायचीच नाही असं ठरलं. लहान पात्याची, खांद्याच्या वर न उचलायची एक कुदळी पुरली. ओल्या काळ्या मातीनं भरलेलं घमेलं पंधरा किलोंच्या पुढं जातं आणि उचलणारं मूल स्वतः पंचवीस-तीस किलोंचं, म्हणून घमेलं निम्मंच भरायचं आणि दोघांनी धरायचं. झारीचा धडा मेथीनं दिला. एका वाफ्याला नळीनं पाणी सोडलं तर सगळं बी वाहून खालच्या कोपऱ्यात जमलं आणि तिथंच दाट उगवलं. झारीच्या वाफ्यात ओळी जागेवर राहिल्या. झारीचं तोंड वर करून धरलं की पाणी पावसासारखं हळू पडतं, हे त्यानंतर प्रत्येकानं करून पाहिलं.

साहित्य: काय घ्यायचं, कशाला हात लावायचा नाही

खत म्हणजे शेण, एवढंच मुलांना ठाऊक होतं. बाईंनी दोन ढीग दाखवले, एक ताज्या शेणाचा, एक वर्षभर कुजलेल्या खताचा. ताज्या ढिगात काठी खुपसून काढली की ती गरम लागते, वास येतो. असं खत रोपाच्या मुळाशी घातलं तर मूळ होरपळतं. वर कच्च्या शेणखतातून रानात हुमणीची अळी येते, आणि हुमणीनं ऊस कसा बसतो हे निम्म्या वर्गानं घरी पाहिलेलं होतं. कुजलेलं खत चहाच्या चोथ्यासारखं काळपट, मोकळं, वास गेलेलं. मुलांनी ते चाळून वाफ्यात मिसळलं. काळ्या मातीला मोकळं करायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

बी घरचं वापरलं. मेथी, धणे, घेवडा, दोडका. धणे रगडून दोन भाग करून पेरायचे, बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल टाकायचं, हे सोपं होतं. दुकानातलं पाकीट मात्र मुद्दाम आणून फक्त दाखवलं. गुलाबी-लाल रंग चढवलेलं बी म्हणजे औषध लावलेलं बी, ते उघड्या हातानं हाताळायचं नाही आणि खायचं तर मुळीच नाही. लहान मुलांच्या बागेत असं बी आणूच नये, असं मी प्रत्येक शाळेला सांगतो.

बांधायला काय घ्यायचं हा धडा एका नव्या मुलीनं दिला. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली ती मुलगी, हंगामापुरती वर्गात बसलेली. घेवड्याला कळकाचे आधार बांधायचे होते. तिनं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, घेतलं, पिळलं आणि एका झटक्यात पीळ मारून गाठ बसवली. तोडलेल्या उसाची मोळी तिच्या घरी रोज अशीच बांधतात. वर्ग बघतच राहिला. मग बाईंनी एका आधाराला वाढं, एकाला सुतळी आणि एकाला नायलॉनची दोरी बांधून ठेवली. वाळल्यावर वाढं सैल पडलं. सुतळी हंगामभर टिकली. नायलॉन टिकलं खरं, पण वेल जाड झाल्यावर त्यात रुतलं, आणि काढून टाकल्यावरही मातीत तसंच राहिलं असतं. मोळी संध्याकाळपर्यंत टिकली की पुरते, वेल तीन महिने टिकायला हवा. कोणती गोष्ट किती दिवस टिकायला हवी यावरून ती निवडायची, हे मुलांनी त्या तीन गाठींवरून शिकून घेतलं. त्याच मुलीनं फडातलं पाचट (उसाचा वाळलेला पाला) आणवलं. ओळींमधे त्याचा थर दिल्यावर भेगा कमी झाल्या आणि झारीच्या फेऱ्याही.

सगळ्यात गंभीर प्रसंग याच भागातला. एका मुलानं पाणी घालायला घरून प्लास्टिकची बाटली कापून केलेलं भांडं आणलं. बाईंचं लक्ष त्यावरच्या अर्धवट राहिलेल्या लेबलाकडं गेलं. चौकटीत निळा त्रिकोण होता. ती द्राक्षावर फवारायच्या कीटकनाशकाची रिकामी बाटली होती. मुलाचा त्यात काही दोष नव्हता, घरात ती गोठ्याजवळ पडलेली असायची. बाईंनी बाटली पिशवीत गुंडाळून बाजूला ठेवली, मुलाचे हात साबणानं धुवून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी ठरलेला पाठ बाजूला ठेवून फक्त लेबलं शिकवली.

आपल्याकडं कीटकनाशकाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण छापणं बंधनकारक आहे. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. 'हिरवा कसला?' असं विचारल्यावर जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, 'चांगला.' इथं बाई बराच वेळ थांबल्या. हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी, पण विषच. चारही रंगांच्या डब्यांना मुलांनी हात लावायचा नाही. रिकामा डबा तीनदा खळबळून, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतून, डब्याला भोकं पाडून टाकायचा असतो, म्हणजे कुणी पुन्हा वापरणार नाही, हे मुलांनी वहीत लिहून घरी वाचून दाखवलं. द्राक्षपट्ट्यातल्या शाळेनं अवजारांचा तक्ता एक वेळ लावला नाही तरी चालेल, हे चार त्रिकोण मात्र भिंतीवर हवेतच. पाणी घालायला मग करवंट्या आल्या.

लोखंड, तेल आणि किर्लोस्करवाडी

काम झालं की अवजार धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायचं. का, हे पटावं म्हणून तीन खिळ्यांचा जुना प्रयोग केला: एक कोरड्या भांड्यात, एक पाण्यात, एक तेल लावून पाण्यात. आठवडाभरात मधल्या खिळ्याचा तांबडा गंज सगळ्यांनी पाहिला. तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्यो गंज मातीत गेला तर माती खराब हुती का?"

हा प्रश्न पूर्वी मोठ्या माणसांनीही विचारला होता. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते या भीतीनं शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. पुढं 1910 मध्ये औंध संस्थानाच्या आधारानं कारखाना आणि वसाहत उभी राहिली, तीच आजची किर्लोस्करवाडी, मुलांच्या पलूस तालुक्यातलीच. मुलांनी स्टेशनचं नाव हजारदा ऐकलं होतं. ते गाव एका नांगरापायी वसलं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. लोखंड मातीत मुळातच असतं, गंजानं नुकसान होतं ते अवजाराचं, मातीचं नव्हे, हे बाईंनी स्पष्ट केलं.

परीक्षा

डिसेंबरात जोड्या लावा हा प्रश्न बाईंनी ठेवलाच नाही. वाफ्याच्या कडेला अवजारं मांडून एकेका मुलाला प्रसंग दिला. ओळीतलं तण काढायचंय. नुकतंच पेरलेल्या मेथीला पाणी द्यायचंय. खत चाळून टाकायचंय. आणि एक प्रसंग असा: रात्री पाऊस पडला, सकाळी मातीचा गोळा चपटा पडला, आता वाफा मोकळा करायचाय, कोणतं अवजार घ्याल? बहुतेक मुलांनी हात मागं घेतला आणि सांगितलं, "कोणतंच न्हाई. वापसा आल्यावर बघू." जुलैत याच मुलांनी चिखलात कुदळ घातली होती. तक्त्यावरून कितीही वर्षं शिकवलं असतं तरी हे उत्तर मिळालं नसतं, असं मी खात्रीनं म्हणतो.

सगळं सुटलं असं नाही. मुलगे खुरपं धरायला लागले, पण शाळेत. घरी धरतात असं कुणी सांगितलं नाही. दोन पालकांनी शेवटपर्यंत परवानगी दिली नाही आणि त्यांची मुलं नोंदवही लिहीत कडेला बसली. ज्या आईनं शिकवलं तिचा आक्षेपही पूर्ण मावळलेला नाही. पण ती बाईंना म्हणाली, "पोरगीनं भांगलणीला जाऊ ने, हे माजं तसंच हाय. पर आई काय करती ते तिला आता ठावं झालं." बाईंनी तिला पुढच्या वर्षीसाठी बोलावलं आहे आणि तिनं होकार दिला आहे.

दुसऱ्या शाळांनी याच यादीची खरेदी करू नये. जत-आटपाडीकडच्या उथळ मुरमाड रानात पाणी पटकन निचरून जातं, वापसा लगेच येतो आणि लगेच जातो. तिथं खुरप्याआधी टिकाव आणि पहार लागते, त्या मोठ्यांच्या हातानं चालवाव्या लागतात, आणि मुलांचा मुख्य धडा पाचट-पालापाचोळ्याच्या आच्छादनाचा होईल. शिराळ्याच्या डोंगराकडच्या पावसात पाणी काढून देणारी चर आधी हवी. म्हणून खरेदीआधी बाटलीचा प्रयोग करावा आणि गावातल्या भांगलणाऱ्या एका बाईला विचारावं. या शाळेनं रंगीत संचापैकी फक्त झारी ठेवली, बाकी पैशांत लोहाराकडून लहान मुठीची खुरपी आणि आठवडी बाजारातून दोन घमेली आली.

पुढच्या जूनमध्ये चौथीत येणाऱ्या वर्गात दोन डावरी मुलं आहेत, हे बाईंनी आत्ताच पाहून ठेवलं आहे. लोहाराला तसा निरोप संक्रांतीआधीच गेला, कारण मे महिन्यात पेरणीपूर्व कामांची गर्दी सुरू झाली की त्याला मान वर करायला सवड नसते.